नमुना

रुवीच्या मागच्या गल्लीत, खुबूसच्या बेकरीवर आमची लॅब.
मी डब्या देते. रुंद तोंडाच्या, लाल झाकणाच्या.
नाव, वय, किती दिवसांचा खंड,
सगळं हिंदीत विचारायचं,
बसचं तिकीट फाडल्यासारखं.

फॉर्मवर 'मांडवकर' वाचलं
आणि तोंडातून निघून गेलं, "कुठले तुम्ही?"
चूकच झाली.
परक्या भाषेत माणूस निदान कपड्यांत असतो.
"राजापुराच्या पल्याड," म्हणाला. कान लाल.
खालच्या भट्टीवर असतो.
म्हणजे नऊ वर्षं मी याच्याच हातची भाकरी खातेय.

लग्नाला सात वर्षं.
तिच्या तीन सोनोग्राफ्या, एक दुर्बीण,
सोळा सोमवार,
आणि शेजारणीच्या ओटभरणाला, "तू जरा मागं हो गं."
ह्याची तपासणी आज पहिली.

चाळीस मिनिटांनी रिकामी डबी घेऊन आला.
"नाय जमत, ताई."
होतं असं. पुष्कळांना होतं. दारापलीकडे खोकणारी रांग,
समोर फिनेलचा वास, कोणाला जमेल?
खोलीवरून आणा, म्हटलं. तासाच्या आत. अंगाशी धरून, ऊब राहील असं.
"खोलीत आठजण असतात."
मग शुक्रवारी.

शुक्रवारी आणली. शर्टाच्या आत,
घरट्यातून पडलेलं पिल्लू आणावं तशी.

नमुना म्हणतात याला इथं.
गावाकडं माणसालाच म्हणतात.

भिंगाखाली थोडेच होते.
त्यातले बरेच जागच्या जागी शेपूट हलवणारे,
रजा मंजूर न झालेल्यांसारखे.
मी सांगायचं नसतं. सांगितलं डॉक्टर बद्रियांनी:
शीर फुगलीय, भट्टीची धगही नडत असेल. जागा बदलून मागा.
तीन महिन्यांनी पुन्हा तपासू,
एका कागदावर निकाल लावत नाहीत.
मग पेन खाली ठेवून,
"दोघं एकत्र किती दिवस असता?"

दोन वर्षांनी पंचेचाळीस दिवस.
त्यातून गणपती, पाहुणे, तिचं माहेर, तिच्या चार दिवसांच्या पाळ्या.
तो बोटं मोडत गेला, आणि एकाच हातावर थांबला.
सात वर्षांत हा हिशेब कोणीच केला नव्हता.
सोमवार मात्र मोजले होते.

मला त्याच वेळी मानेपासून वर वाफ आली.
नोव्हेंबरपासून येते. सोहारला नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही.
रिपोर्टनंच वारा घेतला,
म्हटलं, एसी बिघडलाय.
दुसऱ्यांना 'बोला, लाजू नका' म्हणायला काय जातं.

जिन्यात त्याचा फोन.
"ऐक. दोष..." थांबला.
"दोष नाय. तपासणी झाली. माझी."
पलीकडून बराच वेळ काही नाही.
"रडतंस काय गो?"
पुन्हा काही नाही.
"हसतंस?"

मी पुढच्या डबीवर नाव घातलं.
मग पुसून, नीट अक्षरात, परत.