सतरा अक्षरं

छाणी रोडवर किरीटभाईच्या आवारात
चांदीच्या रंगाची सेडान उभी होती.
टायरांना काळं पॉलिश, बंपरला लिंबू-मिरची,
सीटांवरचं प्लास्टिक अजून तसंच,
जणू अकरा वर्षांत कुणी टेकलंच नाही.

"एक ज हाथनी गाडी छे, बेन. डॉक्टरनी."
डॉक्टर म्हटलं की हेमंत विरघळतो.
त्यानं दार दोनदा लावून पाहिलं
आणि आवाजाला मान डोलावली,
समेवर आल्यासारखी.
मामंजी मागे बसून पाय लांब करत होते.
चारुतानं धुळकट काचेवर बोटानं
स्वतःचं नावही लिहून टाकलं.

मी बॉनेट उघडायला सांगितलं नाही.
मला इंजिनातलं काही कळत नाही.
रावपुऱ्याच्या पोस्टात एकोणीस वर्षं
मी परत आलेल्या पत्रांच्या टेबलावर बसते.
घर बंद. पत्ता अपुरा. सोडून गेले.
मला फक्त अक्षरं लावता येतात.

म्हणून पुढच्या सीटपाशी वाकून गालिचा उचलला.
पत्र्यात ठोकलेली सतरा अक्षरं,
आरसी बुकाशी एकेक ताडली.
त्यात आय नसतो, ओ नसतो,
एक आणि शून्याशी गल्लत होऊ नये म्हणून.
एवढी काळजी कुणी आमच्या पत्त्यांत घेत नाही.

किरीटभाईनं चहा सांगितला.
मी मोबाईलवर कंपनीच्या पानात तीच सतरा भरली.
चहाआधी उत्तर आलं:
ड्रायव्हरकडची एअरबॅग, इन्फ्लेटर, बदल बाकी.

म्हणजे काय, हेमंतनं विचारलं.
म्हणजे आतली दारू उन्हाळे आणि ओल खाऊन बिघडते,
धडकेत पिशवी फुगते, पण डबीही फुटते,
आणि लोखंडाचे तुकडे
ज्याला वाचवायचं त्याच्याच गळ्याशी येतात.
मामंजींनी पाय आत घेतले.

"अरे बेन, एअरबॅग तो कोई दिवस खूली ज नथी!"
किरीटभाई खरंच बोलत होता.

फुकट बदलून देतात. डॉक्टरला पत्र गेलं असणार.
आरसीवरचा पत्ता इलोरा पार्कातला,
बंगला क्रमांक अकरा.
तिथे आता सात मजले आहेत,
हे आमच्या पोस्टमनला ठाऊक आहे, कंपनीला नाही.
खिडकीचं पाकीट, जाड कागद,
जाहिरात वाटावी असं.
माझ्या टेबलावरून गेलं असेल.
'सोडून गेले'चा शिक्का मीच मारला असेल.
आठवत नाही. दिवसाला दोनशे येतात.

मी म्हटलं, आधी मकरपुऱ्याला वर्कशॉपमध्ये न्या,
बदलल्याचा कागद द्या, त्यावर हीच सतरा हवीत.
"सोमवारे," तो म्हणाला.
टोकनचे पाच हजार हेमंतच्या खिशातच राहिले
आणि रिक्षात तो घरापर्यंत बोलला नाही.
एकदाच म्हणाला, आवाज चांगला होता दाराचा.

सोमवारी पार्ट नव्हता.
गुरुवारी फोन आला: गाडी गेली,
पादऱ्याच्या पार्टीला, रोखीनं.
कागद दिला का त्यांना?
"बेन, एमणे पूछ्युं ज नथी."
नाव विचारलं तर म्हणाला, लाईन कटते आहे.

दुपारी डाक येऊन गेल्यावर
मी स्वतःच्या पैशानं एक अंतर्देशीय घेतलं.
आत सतरा अक्षरं लिहिली, पाठ झाली होती.
मग गुजरातीत दोन ओळी:
वर्कशॉपला जा. पैसे पडत नाहीत.
बाहेर, नावाच्या जागी:
चांदीच्या रंगाची जुनी सेडान
या आठवड्यात ज्यांच्या दारात आली त्यांना,
पादरा.
पिन कोड तेवढा बरोबर.

पत्ता अपुरा आहे, मला कळतं.
पण पादऱ्याचा इलियासभाई सायकलवर फिरतो,
आणि प्रत्येक दारात काय उभं आहे
ते बघतच जातो.