खोली फार गोंगाटाची आहे

रॉटरडॅमहून लेकीनं आईला धाडले
दोन पांढरे इअरबड, दाढेएवढे.
"घाल कानात. कमी ऐकू येतं का ते फोनच तपासतो,
आणि येत असेल तर हेच श्रवणयंत्र होतात."
म्हणून मी, वरच्या मजल्यावरची,
वूच शहरातल्या या जुन्या इमारतीत
कुणाचाही राउटर अडला की जिला हाक येते ती,
रविवारी गेनोवेफाच्या स्वयंपाकघरात.

पहिलंच विघ्न: खोली फार गोंगाटाची आहे.
असं फोन म्हणतो.
गेनोवेफा म्हणते, कुठाय?

मी फ्रीजची पिन काढली.
घड्याळातला सेल काढून खणात टाकला.
मांजर जिन्यात.
नळाखाली फडकं, थेंब त्यावर मुका पडावा म्हणून.
तेवढ्यात खालून ट्रॅम वळणावर किंचाळली.
चाचणी थांबली. पुन्हा पहिल्यापासून.
दोन ट्रॅमींच्या मध्ये रविवारी सोळा मिनिटं मिळतात,
त्यातली चार डाव्या कानानं खाल्ली:
हवा गळतेय, रबरी टोपी बदला.
मोठी, मधली, लहान.
लहान बसली.

आवाज आला की बोट टेकव, मी कागदावर लिहिलं.
तिनं टेकवलं.
टेकवलं, टेकवलं, टेकवतच राहिली,
मटार सोलावेत तशी.
फोन म्हणाला, उत्तरं जुळत नाहीत.
मी अपडेट केलं, बंद करून चालू केलं,
जोडी तोडून पुन्हा जोडली,
शेवटी कागदावरच ओरडले, मोठ्या अक्षरांत:
आवाज नसताना का टेकवतेस?

"नसतो कधी?" ती म्हणाली.
"गिरणी बंद पडली तरी चालूच आहे."

एकोणतीस वर्षं ती मागावर होती.
एका छताखाली दोनशे माग,
तिथं बोलणं म्हणजे नुसते ओठ:
मुकादम आला, मीठ उसनं दे,
हेलेनाला दिवस गेलेत.
घरी येऊनही तीच सवय,
पोरगी बोलायला शिकली ती आईच्या ओठांवरून.

मग मी लिहिलं, तुझा आवाज एकसंध असतो,
याचा तुटक येतो, तीनदा.
"असं सांग की," ती म्हणाली,
"म्हणजे तुटलेला धागा शोधायचा."
डोळे मिटले.
खांदे खाली आले.
पाच मिनिटं तिचं बोट टेबलावर
असं उठत-बसत होतं
की मलाच श्वास घ्यायची चोरी.

निकाल: दोन्ही कान मध्यम, डावा जास्त.
आलेखाची रेघ उजवीकडे जिना उतरत गेलेली.
तिनं चष्मा लावून पाहिली, म्हणाली,
"वीण इथं सैल पडलीये."

श्रवणयंत्र सुरू केलं.
पावाची कागदी पिशवी हलली, तशी ती दचकली.
स्वतःच्या सपातांकडे रागानं पाहिलं.
"मी एवढी मोठ्यानं बोलते?"
"हो," मी म्हटलं,
आणि ते तिला, कागदाशिवाय, ऐकू गेलं.
आम्ही दोघी थोडं ओशाळलो.

मग लेकीला व्हिडिओ कॉल.
चित्र स्वच्छ. आवाज शून्य.
मी ब्लूटूथ पाहिलं, आवाज शेवटपर्यंत चढवला,
डबीत घालून काढले, डावा-उजवा नीट पाहिला,
रॉटरडॅमला मेसेज केला, तुझा माइक बंद आहे का?
नाही, चालू आहे.
पडद्यावर लेक बोलतच होती,
तोंड मोठं करून, एकेक अक्षर सुटं.
गेनोवेफा सगळं समजून मान डोलवत होती.
मग एकदम थांबली.
मला म्हणाली, "राहू दे. यंत्र ठीक आहे."
आणि पडद्याकडे वळून:
"व्हेरोनिका, गळ्यातून बोल."

पलीकडे बराच वेळ काही नाही.
मग घसा खाकरल्याचा आवाज.

मी मांजराला घरात घ्यायला उठले.
फ्रीजची आठवण रात्री झाली,
तोवर लोणी पातळ झालं होतं.