कल्हई

तांबट आळीत चाळीस वर्षं ठोकून ठोकून
माझे कान गेले.
आधी डावा, मग उजवा,
दोघांनी न भांडता घर सोडलं.

ही आली तेव्हा ऐकण्यासारखं फार उरलं नव्हतं.
पोटाखाली चकाकी, नुकत्या लावलेल्या कल्हईसारखी,
म्हणून कल्हई.
दहीपुलावरून कुणाच्या तरी पिशवीत आलेली,
पहिले आठ दिवस बंबाच्या मागे.
मी ठोकायला बसलो की ते दोन डोळे आणखी आत.

नवव्या दिवशी बाहेर आली
आणि ऐरणीपासून हातभर अंतरावर
उताणी झोपली.
पोट वर, गळा उघडा, चार पाय चार दिशांना.
हातोडी चालूच होती.
शेजारचे इस्माईलभाई चहाचा कप धरून बघत राहिले.

गंमत अशी, की मी थांबलो की ती जागी होते.
डोळे किलकिले करते : चाललंय ना?
मी हातोडी उचलतो.
ती सावकाश मिटते.

माझ्याशी ती बोलत नाही.
भूक लागली तर मनगटावर पंजा, नखं आत.
दार उघडायचं तर पोटरीला डोकं.
मर्जी फारच असली तेव्हा एकदा
अर्ध्या मठारलेल्या तपेल्यात पालीची शेपटी.
मला वाटायचं, मुकी आहे.
बरं जमलं दोघांचं.

परवा सूनबाई, तोंड माझ्याकडे करून, एकेक शब्द सोडत म्हणाली,
"मुकी? दिवसभर डोकं खाते माझं.
ईशानच्या मागे तर बोंब मारत हिंडते."

चार वर्षं.
चार वर्षं या जनावरानं
मला न पोचणारी गोष्ट
माझ्यापुढे काढलीच नाही.

मग अशोकस्तंभावरून यंत्र आणलं.
कानात घातलं.
पंखा ऐकू आला, कुकर, कुणाची तरी स्कूटर,
मग माझाच खोकला, केवढा म्हातारा.
खाली बसलो. म्हटलं, हं, बोल.
कल्हईनं यंत्र हुंगलं. तोंड उघडलं,
जांभई दिली,
आणि मनगटावर पंजा ठेवला.

यंत्र आता डबीत असतं.
रविवारी घालतो, धाकटीचा पुण्याहून फोन येतो तेव्हा.
एरवी घंगाळ, हातोडी,
आणि दिवस कलला की मांडीवर ती.
तिची घुरघुर कानाकडे जातच नाही,
हाडातून वर येते,
पत्र्यावरचा ठोका दांड्यातून
तळहातात यावा तशी.