बेचाळीस

सहा फेऱ्या, चार संघ, आणि साबण एकच,
तोही नसलेला.
कागदावरच्या कारखान्याला ना धूर ना भोंगा,
पडद्यावर फक्त एक चौकोन: किंमत भरा.

टिळकवाडीतल्या त्या हॉलात पंखे तीन,
फिरत होता एक,
परीक्षकांच्या डोक्यावरचा.

आम्ही खानापूरचे. ईराण्णा, तबस्सुम नदाफ आणि मी.
चौथी सुलक्षणा मंडोळकर तापानं घरी,
पण यादीत नाव होतं तिचं, म्हणून खुर्चीही होती.
आम्ही तिच्यावर दप्तरं ठेवली.
एरवी तोंडाला येईल त्या भाषेत बोलणारे आम्ही,
आकडे आले की वेगळे व्हायचो.
ईराण्णा ओठांत कन्नड पुटपुटायचा,
तबस्सुम पेरांवर दखनी मोजायची,
मी मनातल्या मनात शाळेतले पाढे.
उत्तर तिघांचं एकच यायचं.
यायलाच हवं होतं,
तरी दर वेळी बरं वाटायचं.

पहिल्या फेरीत पन्नास. मग सेहेचाळीस.
तिसऱ्या फेरीत चौघंही सदतीसवर,
आणि साबणाचा खर्चच पस्तीस.
निपाणीचा एक पोरगा म्हणाला,
"फुकट वाटूया की, त्यात काय."

चहाच्या वेळी हात धुवायच्या नळापाशी
गोकाकची कस्तुरी होसमनी आली.
करदंटाचा पुडा उघडून धरला, आणि ईराण्णाला म्हणाली,
नलवत्तेरडु. त्याच्या खाली कुणी जायचं नाही.
मातु अंदरे मातु.
ईराण्णानं मान हलवली. निपाणीनंही, तोंड भरलेलं.
अथणीवाले आधीच कबूल होते.
मी डिंकाचा खडा दाताखाली फोडत उभा.
मला कळलं होतं सगळं.

चौथी फेरी, बेचाळीस. पाचवी, बेचाळीस.
चौघांचे आलेख एका उंचीवर,
जणू चौघी बहिणी फोटोला उभ्या.
परीक्षक एकमेकांकडे बघून हसले.

सहाव्या फेरीत कळफलक माझ्याकडे.
ईराण्णा पाणी प्यायला गेलेला,
तबस्सुम पुन्हा पेरं मोजत होती.
मला वाटलं,
शब्द त्यानं दिलाय,
त्याच्या भाषेत दिलाय,
मी तर नुसता शेजारी उभा होतो.
मी एकोणचाळीस टाकलं.

निकाल:
निपाणी छत्तीस, पहिले.
आम्ही दुसरे.
अथणी एक्केचाळीस. एकच रुपया खाली,
चोरीतसुद्धा भिडस्त.
गोकाक बेचाळीस.
गोकाक शेवटी.

एक परीक्षक उठून बोलले, समतोल वगैरे.
शेवटच्या फेरीत असंच होतं, शास्त्रात आहे.
मी ते वहीत उतरवून घेतलं,
खाली रेघ मारली.
प्रमाणपत्रावर सुलक्षणाचं नाव चुकलं होतं.

जाताना कस्तुरी पुन्हा आमच्याकडं आली.
पुड्यात उरलेले तुकडे, पुढे केले.
ईराण्णा नको म्हणाला.
मी घेतला.
अजून सांगता येत नाही का घेतला.

संध्याकाळची खानापूर गाडी.
तबस्सुमचं तिकीट शून्य रुपयांचं,
ते तिनं नीट घडी करून पाकिटात ठेवलं.
माझं सदतीसचं. मी शंभराची नोट दिली.
सुट्टे नव्हते, कंडक्टरनं
तिकिटाच्या पाठीवर त्रेसष्ट लिहिलं, गोल केला,
पुढच्या माणसाकडं वळला.
त्या गोलाला ना सही ना शिक्का.

ईराण्णा खिडकीशी. देसूर गेलं, 
तो काही बोलला नाही.
स्टँडवर उतरलो, चालायला लागलो.
मागून गाडीच्या दारातून हाक आली,
"ए, अरवत्तमूर!"

आणि मी वळलो.
पाढे म्हणावे लागले नाहीत.