जेवना का

पारोळ्याला पासबुक छापून घेतलं तेव्हा
समाधानच्या खात्यात तीनदा पाच हजार.
पाठवणाऱ्याचं नाव ओळखीचं नव्हतं.
आम्ही ठिबकच्या नळ्या घेतल्या.

मग साध्या कपड्यातले दोघं आले.
चहाला शिवले नाहीत.
म्हणाले, ती बाई नव्हतीच.
मेसेज मला वाचायला लावले:
रोज रात्री दहाला, "जेवना का?"

ही बोली तिला त्यानेच दिली असणार.
पुलाचा फोटो, गाड्यांचे नंबर
ते नंतर.

आप्पा फोनवर विचारायचे, पगार झाला?
मी, सुट्टी कधी?

कपाशीतल्या नळ्यांचा कॉक
आता मीच फिरवते.
काल त्याचं तुरुंगातून कार्ड आलं.
उत्तराला बसले,
सवयीने लिहिलं, जेवना
आणि पेन तिथंच.