आठ गुणिले पंचवीस

"नांदूरमध्यमेश्वरला जायचंय का, ताई?"
हातिमभाई कपाटाची काच सरकवत विचारतो.
नाही. पक्षी आपापले उडून जातात.
मला गोदेपलीकडची एक गच्ची बघायचीय,
पाणी चढलेलं असताना.

तो जरा थांबतो.
मग दहा पटीची पुढे करतो. "जास्त जवळ दिसेल."
दिसतं खरं,
पण दहा पटीत माझा हातही दहा पट थरथरतो.
रविवार कारंजावरची पाटी
तापातल्या माणसासारखी हलते.
आठ बरी. आठात अक्षर उभं राहतं.

पुढचीची भिंगं लाल, माणकासारखी.
"हीच खपते."
खपत असेल.
मी एकतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
नोटा तपासल्या, हातिमभाई,
केसभर सरकलेला रंग मला झोपेतही दिसतो.
त्या टॉवरच्या कडेला जांभळी झालर आहे बघा.
ही नोट मी बाद केली असती.
तो हसतो, पण दुर्बीण आत ठेवतो.

मग एक फौजी, देवळालीहून आलेली.
गळ्यात घातली की मान खाली.
पिशवीत टॉर्च आहे, शिट्टी, बीपीच्या गोळ्या,
रेशनकार्डाची झेरॉक्स, दोरी, भडंगाचा पुडा.
त्यात हत्तीला जागा नाही.

सून म्हणते, मोबाइल झूम होतो की.
होतो.
त्या दिवशी दुपारी अडीचलाच
तो चार टक्क्यांवर आला होता.
गंगापूरचं पाणी सोडलेलं,
मारुतीच्या कमरेला लागलं, छातीला लागलं,
ज्याच्या त्याच्या तोंडी वेगळी उंची.
आणि पलीकडे क्षेमकल्याण्यांच्या गच्चीवर
कुमुदताई पुठ्ठा धरून उभ्या.
पुठ्ठ्यावर काळं काहीतरी लिहिलेलं.
जन्मभर भिंगाखाली बारकावे पाहिलेली मी,
मला एक अक्षर लागेना.
औषध? दूध? कुणी गेलं?
मी दोन्ही हात वर केले,
म्हणजे, दिसत नाही हो.
त्यांनी मान हलवली, पुठ्ठा खाली घेतला,
आत गेल्या.

चौथ्या दिवशी चिखल तुडवत पुलावरून गेले.
लिहिलं होतं:
भुरी तुमच्याकडे आहे का?
(ती रोज पूल ओलांडून माझ्याकडे सायीला यायची.
मांजरच ती, तिला दोन्ही काठ आपलेच.)
माझे दोन हात त्यांनी 'हो' असे वाचले होते.
त्या रात्री म्हणे सगळं घर
निवांत झोपलं.

"चष्मा काढू नका, रबर दुमडा,"
हातिमभाई शिकवतो.
दुमडते. अख्खं वर्तुळ उघडतं.
हातभर लांब धरून बघते,
मागच्या भिंगांत टिकलीएवढे दोन उजेड,
गोल, कुठे कोपरा कापलेला नाही.
पंचवीस भागिले आठ, तीन आणि थोडं.
तिन्हीसांजेपर्यंत पुरेल.
पाण्यात पडली तर?
"आत नायट्रोजन भरलाय. धुकं धरत नाही."
वजन पावशेर शेंगदाणे आणि वर एक मूठ.
ही द्या.
पैसे मोजताना सवयीने
पाचशेची उजेडात धरते.

भुरी आली नाही.
कुमुदताई अजून म्हणतात,
तेवढी एक रात्र तुमच्यामुळे गेली हो.
ही हातात असती
तर मी पुठ्ठा वाचला असता,
आणि कठड्याला टेकून, सगळ्यांना दिसेल अशी
नाही म्हणून मान हलवली असती.

शिट्टीच्या वर ठेवली.
काढली.
तळाला, दोरीखाली ठेवली.
पुन्हा काढली.
सध्या दाराच्या खुंटीला आहे,
आणि पिशवीची चेन
उघडीच.