अठ्ठ्याहत्तर इंच

हेरंबने तिकडून फोटो पाठवला
त्याच संध्याकाळी ह्यांनी खडू शोधायला घेतला.
पीडब्ल्यूडीत बत्तीस वर्षं नकाशे काढलेला माणूस,
नुसत्या फोटोवर कसा विश्वास ठेवील?
आखून बघू, म्हणाले.

मग सुदामानगरच्या आमच्या बैठकीत
टीपॉय भिंतीला गेला, सतरंजी गुंडाळली गेली,
आणि टाइल्सवर उमटली
येऊ घातलेली बिझनेस क्लासची सीट :
लांबी अठ्ठ्याहत्तर इंच, खांद्याशी बावीस,
पायांकडे निमुळती होत
थेट माझ्या शिलाई मशीनच्या पायट्यापर्यंत.

पुरती आडवी होते म्हणे. पलंगासारखी.
ह्यांच्या कमरेतल्या दोन चकत्या
नऊ तास बसू देणार नाहीत, डॉक्टर सांगून चुकलेत.
म्हणून हेरंब म्हणतो, जुन्या विमानानं नकोच बाबा,
नव्या सीटा लागू देत, मग या.
मार्चपर्यंत लागतील.

मार्चमध्ये लागल्या नाहीत.
दारांची कसलीशी तपासणी अडली होती.
हो, दार असतं प्रत्येक सीटला, सरकतं.
ह्यांनी तेही काढलं, तुटक रेषेनं,
आणि आत जाऊन उताणे झोपले, हात छातीवर.
मी म्हटलं, असे नका झोपू, बरं दिसत नाही.
मग कुशीवर वळले.

"आणि मी कुठं?"
खरंच, त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.
एकेचाळीस वर्षं ज्याच्या घोरण्यावर
मी रात्रीचे प्रहर मोजले
त्याच्या नि माझ्यामध्ये
एक सरकतं दार!
दुसरी सीट आखली. सोफा हलवावा लागला.
मधली भिंत खाली जाते, म्हणाले, बटण असतं.
कुणाच्या बाजूला, विचारलं,
तर फोटोत दिसत नव्हतं.

सुगनबाई सोमवारी फडकं घेऊन उभी राहते :
"यो कंई मांड्यो, बाई? पूजा हे कंई?"
विमान आहे, हे म्हणतात.
ती हसते, आणि पुसतेच.
मंगळवारी पुन्हा आखणी.
लोंढे वहिनींचं मांजर खिडकीतून येऊन
नेमकं माझ्या सीटवर झोपतं.
इंदूरहून दिल्लीपर्यंत साधंच बसायचंय,
त्याबद्दल घरात कुणी बोलत नाही.

दिवाळीत सीटा लागल्या,
पण एकाच विमानाला, आणि ते
भलत्याच देशाला जातं.

तिकडे निहारची उंची
हेरंब दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं लिहितो
आणि व्हिडिओवर दाखवतो.
पहिल्यांदा अडतीस इंच होती.
ह्यांचा डोळा लागला होता दुपारचा,
मी खडू घेतला, पायांकडून टेप लावली
आणि ह्यांच्या सीटमध्ये एक आडवी रेघ मारली :
इथवर निहार.
दिवाळीला साडेएकोणचाळीस.
रंगपंचमीला गेर बघून हे रंगीत पायांनी तसेच आत आले,
दोन्ही सीटांवर हिरवे-गुलाबी तळवे उठले,
त्यातून वाट काढत मी रेघ सरकवली,
एकेचाळीस.
ह्यांनी कधी विचारलं नाही ही रेघ कशाची.
आखताना मात्र तीही आखतात,
आणि सुगनबाईनं पुसली तरी
माप चुकत नाही.

काल नवा महिना कळला. सप्टेंबर.
ह्यांनी कॅलेंडरवर लिहिला, पेनानं नाही, पेन्सिलीनं.
मग सीटवर जाऊन आडवे झाले, छताकडे बघत,
जिथे सामानाचा कप्पा असायला हवा
तिथे आमचा पंखा, चौथ्या नंबरवर अडकलेला.
"तो मावेल अजून," म्हणाले.
कोण, मी विचारलं नाही.
रेघेच्या वर सदतीस इंच शिल्लक आहेत,
मीही मोजलेत.

थोड्या वेळानं हात वर केला.
सीट सरळ करायचं बटण
सध्या तरी मीच आहे.